टॉवरवरच्या अँटेनांचा मेळ कसा बसवतात

विदर्भातल्या कास्तकाराला 'फेज' म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. थ्री फेज लाइन दिवसा येणार की रात्री, यावर त्याचं ओलित आणि त्याची झोप ठरते. डीपीवरून आलेल्या दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते, हेही त्यानं पाहिलेलं असतं. तिन्ही तारांत दाब तोच. फरक असतो तो वेळेचा. एका तारेतली लाट दुसरीच्या एक तृतीयांश फेरा मागे चालते. ५० हर्ट्झच्या विजेचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा, म्हणून ही मागेपुढे ६.७ मिलिसेकंदांची. पूर्ण फेऱ्याचे ३६० अंश धरले तर १२० अंशांची. तिन्ही फेजवर भार सारखा असेल तर न्यूट्रलमध्ये करंट जवळजवळ शून्य असतो. तीन जिवंत प्रवाह एकत्र येतात आणि त्यांची बेरीज शून्य होते.

मोबाइलच्या टॉवरवरच्या अँटेनांचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांचा आपसातला मेळ बसवणं, याच हिशेबावर चालतं. लाटा वेळेत जुळून आल्या तर बेरीज वाढते, ठरावीक फरकानं आल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात. इथलं घड्याळ मात्र फार बारीक आहे. ५जीच्या ३.५ गिगाहर्ट्झ लहरीचा एक फेरा ०.२८६ नॅनोसेकंदात संपतो, आणि नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. १२० अंशांनी चुकायला तिथे नॅनोसेकंदाचा दहावा भागही पुरतो.

एकाऐवजी आठ कशाला

एकट्या अँटेनाची ताकद गावात जाते तशी रिकाम्या वावरात, नाल्यात आणि धुऱ्यावरही जाते. त्याऐवजी आठ अँटेना ओळीत, अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरानं लावू. ३.५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण साडेआठ सेंटीमीटर, म्हणजे दोन अँटेनांत सव्वाचार सेंटीमीटर. आठहीतून तोच संदेश एकाच क्षणी सोडला तर समोरच्या दिशेला आठही लाटा माथ्याला माथा लावून पोचतात. एकूण शक्ती तेवढीच ठेवून ती आठांत वाटली, तरी त्या दिशेला आठपट मिळते. तंत्रज्ञांच्या भाषेत ९ डेसिबल. ही शक्ती हवेतून तयार होत नाही. बाकीच्या दिशांना लाटा एकमेकींना खातात, तिकडे जायची ती इकडे येते.

एका दिशेला एकवटलेला हा झोत वळवायला अँटेनांचं पॅनल फिरवावं लागत नाही. समोरच्या रेषेपासून ३० अंश बाजूला असलेल्या गावाकडे वळायचं असेल तर ओळीतल्या प्रत्येक अँटेनाला आधीच्यापेक्षा ९० अंश उशीर द्यायचा. पहिल्याला शून्य, दुसऱ्याला ९०, तिसऱ्याला १८०, असं पुढे. हा उशीर सॉफ्टवेअर आकड्यांत देतं. उलट बाजूनं, एखाद्या दिशेला काहीच जाऊ नये असाही हिशेब मांडता येतो. एकाच क्षणी, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन गावांशी बोलायचं असेल तर या गावाचा झोत त्या गावात शून्य व्हायला हवा, न्यूट्रलमधल्या करंटसारखा.

प्रश्न असा की सॉफ्टवेअरनं ९० अंश सांगितले तरी अँटेनाच्या तोंडाशी ९०च निघतात का? तसं होत नाही. आकड्यापासून हवेपर्यंतच्या वाटेवर डिजिटल-अॅनालॉग कन्व्हर्टर, मिक्सर, फिल्टर, पॉवर अॅम्प्लिफायर, केबल आणि कनेक्टर लागतात. आठ अँटेना म्हणजे अशा आठ साखळ्या, आणि प्रत्येक साखळी आपापला उशीर त्यात मिसळते. नुसती केबल घेतली तरी ३.५ गिगाहर्ट्झला १ मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे केबलच्या प्रकारानुसार ५ ते ६ अंश. करवतीच्या पात्याची जाडी इथे मोजमापात येते.

किती चूक चालते

अँटेनांमधली फेजची चूक सैरभैर असेल आणि तिचा सरासरी पसारा १० अंश असेल, तर आठ अँटेनांच्या झोताची ताकद ३ टक्क्यांच्या आत घटते. पसारा ३० अंश झाला तर साधारण पाचवा हिस्सा जातो. ६० अंशांना निम्म्याहून जास्त. म्हणजे मुख्य झोत बऱ्यापैकी सोशिक आहे.

शून्याच्या बाबतीत तशी सवलत नाही. १० अंशांच्या चुकीला, जिथे काहीच जाऊ नये तिथे मुख्य झोताच्या सुमारे २६०व्या भागाएवढी गळती होते. ३० अंशांना ती सुमारे २६वा भाग होते, म्हणजे दहापट. टॉवर एका वेळी एकाच फोनशी बोलत असेल तोवर बिघडलेलं कॅलिब्रेशन कुणाच्या ध्यानातही येत नाही. संध्याकाळी सगळे वावरातून घरी येतात, एकाच वेळी फोन उघडतात, टॉवर एका वेळी अनेक झोत सोडायला लागतो, आणि मग वेग पडतो. 'सिग्नलच्या कांड्या भरलेल्या, पण नेट चालत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा गर्दी किंवा टॉवरला जोडणारी मागची लाइन असते, पण झोत एकमेकांवर सांडत असले तरी दिसतं ते असंच.

फेज बिघडते कशानं

पहिलं कारण घड्याळ. आठही साखळ्यांना एकच मूळ घड्याळ लागतं. दोन रिसीव्हरांची घड्याळं वेगळी असतील आणि त्यांत दहा लाखांत फक्त १ इतका फरक असेल, तरी ८६६ मेगाहर्ट्झला (पुढे वावरातल्या प्रयोगात हीच फ्रिक्वेन्सी आहे) त्यांची आपसातली फेज सेकंदाला ८६६ वेळा गोल फिरते. तिथे कॅलिब्रेशन म्हणजे वाहत्या पाण्यावर खूण करणं. घड्याळ एकच असलं तरी प्रत्येक साखळीत वेगळा सिंथेसायझर (लहर तयार करणारा भाग) असेल तर चालू होताना तो कुठल्या फेजवर पकड घेईल याचा नेम नसतो. त्यामुळे लाइन गेली, बॅटरी संपली, यंत्र बंद होऊन परत सुरू झालं, की आधीचे आकडे बाद. गावातल्या टॉवरला ही वेळ शहरापेक्षा जास्त वेळा येते, म्हणून सुरू झाल्याबरोबर आपोआप कॅलिब्रेशन होणं इथे फार गरजेचं.

दुसरं कारण ताप. मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर, अकोल्याला पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उन्हातल्या पेटीच्या आत त्याहून किती तरी जास्त. फिल्टर आणि अॅम्प्लिफायरचा उशीर तापमानाबरोबर सरकतो. सगळ्या साखळ्या सारख्याच तापल्या तर नुकसान नाही, कारण आपसातला फरक तोच राहतो. पण दुपारी तीनला पश्चिमेचं ऊन पॅनलच्या एकाच कडेवर पडतं, तेव्हा त्या कडेच्या साखळ्या बाकीच्यांपासून सुटतात. थंडीतही एक गोष्ट घडते, आणि तिकडे सहसा कुणी बघत नाही. बऱ्याच चांगल्या केबलींत आतल्या तारेभोवतीचं आवरण टेफ्लॉनचं असतं, आणि १९ अंश सेल्सिअसच्या आसपास टेफ्लॉनची आतली रचनाच बदलते. त्या टप्प्यात केबलची फेज एरवीपेक्षा झपाट्यानं सरकते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे १० अंश आणि दुपारी २८ असतं, म्हणजे केबल रोज दोनदा हा उंबरठा ओलांडते. केबली एकाच बनावटीच्या आणि सारख्या लांबीच्या असाव्यात हा आग्रह त्यासाठीच.

तिसरं कारण पाणी. कनेक्टरची टेप नीट बसली नसेल तर मृगाच्या पहिल्या सरीपासून ओल आत शिरते आणि आधी फेज, मग ताकद बिघडते. कनेक्टर हातानं 'जमेल तेवढा' आवळणं चूक आहे, टॉर्क रेंच लागतो. ४.३-१० जातीच्या स्क्रू कनेक्टरला ५ न्यूटन-मीटर, जुन्या जाड ७/१६ला २५ ते ३०. सैल राहिला तर वाऱ्यानं हलतो, जास्त आवळला तर आतला भाग वाकतो. दोन्हींत फेज जाते.

मोजायचं ते फरकाचं

नवशिका इथे हमखास अडतो. त्याला वाटतं, प्रत्येक साखळीची खरी फेज शोधायची. ती शोधायची गरजच नाही. कापूस मोजायचा काटा सगळ्यांनाच २ किलो जास्त दाखवत असेल, तर कोणाचं गाठोडं कोणापेक्षा किती जड हे तरीही बरोबरच कळतं. तसंच इथे. आठही साखळ्या एकाच रिसीव्हरनं मोजल्या तर त्या रिसीव्हरची स्वतःची चूक आठही मापांत सारखी येते आणि एकाला दुसऱ्यानं भागलं की निघून जाते. एक साखळी प्रमाण धरायची आणि बाकीच्या तिच्या तुलनेत मांडायच्या, इतकंच काम.

टॉवरवर हा काटा कुठे असतो? ४जी-५जीच्या टीडीडी पद्धतीत आठ पोर्टांचं, म्हणजे केबल जोडायच्या आठ तोंडांचं, पॅनल वापरतात. टीडीडी म्हणजे जाणं आणि येणं एकाच फ्रिक्वेन्सीवर, आळीपाळीनं. पॅनलमध्ये चार उभ्या रांगा, प्रत्येक रांगेत एकमेकांना छेद देऊन तिरपे बसवलेले दोन जातींचे अँटेना, म्हणून आठ पोर्ट. खाली मात्र नऊ केबली येतात. ही नववी केबल कॅलिब्रेशनची. पॅनलच्या आत प्रत्येक पोर्टच्या वाटेवर एक कपलर बसवलेला असतो. तो साधारण उणे २६ डेसिबल, म्हणजे शक्तीचा सुमारे ४००वा भाग बाजूला काढतो. हे आठ नमुने सारख्या लांबीच्या छापील पट्ट्यांवरून एकत्र होऊन नवव्या पोर्टवर येतात.

पाठवण्याची बाजू मोजताना आठही साखळ्या एक ठरलेला क्रम सोडतात. झाडॉफ-चू नावाचा क्रम यासाठी लोकप्रिय आहे, कारण तोच क्रम थोडा थोडा सरकवून आठ जणांना दिला तर एकत्र मिसळूनही आठ वेगळे ओळखता येतात. हे काम पाठवणं आणि ऐकणं यांच्या मधल्या मोकळ्या फटीत उरकतं, म्हणून चालू संभाषण थांबवावं लागत नाही. नमुने नवव्या केबलनं रेडिओ युनिटकडे, म्हणजे साखळ्या असलेल्या पेटीकडे, परत येतात आणि तिथे एकच रिसीव्हर ते मोजतो. ऐकण्याची बाजू मोजताना उलट करतात. नवव्या केबलमधून क्रम सोडायचा, तो कपलरवाटे आठही साखळ्यांत शिरतो, आठही रिसीव्हर आपापलं माप देतात.

आकडे घेऊन बघू. पहिली साखळी प्रमाण धरली, तिच्या लाटेची उंची १ आणि फेज ०. दुसरी ०.९४ आणि अधिक ३७ अंश. तिसरी १.०६ आणि उणे ११२ अंश. सुधारणा म्हणजे उलटा आकडा. दुसरीला उणे ३७ अंश, तिसरीला अधिक ११२ अंश. उंची जुळवताना मात्र अशक्ताला वर ओढायचं नाही, कारण त्याचा अॅम्प्लिफायर आधीच हद्दीवर असू शकतो. सगळ्यात कमकुवत साखळीला प्रमाण धरून बाकीच्यांना खाली आणायचं. पहिलीला ०.९४नं गुणायचं, दुसरीला १नं, तिसरीला ०.८९नं. चौथीचं माप ०.३ आलं तर? हिशेबानं तिला तिप्पट वर ओढता येईल, किंवा बाकीच्या सगळ्यांना तिच्याइतकं खाली आणता येईल. दोन्ही चूक. शक्ती उंचीच्या वर्गाप्रमाणे चालते, म्हणून ०.३ म्हणजे ती दहापटीहून जास्त घटली. तो बिघाड आहे, ती साखळी बंद करून माणूस टॉवरवर चढवायचा. कॅलिब्रेशननं दुरुस्ती होत नाही.

हे आकडे एका फ्रिक्वेन्सीपुरते. साखळीत १ नॅनोसेकंद जादा उशीर असेल तर १०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेज ३६ अंशांनी सरकते. मधोमध मोजून सगळीकडे तोच आकडा लावला तर दोन्ही कडांना १८-१८ अंशांची चूक राहते. म्हणून पट्टा तुकड्यातुकड्यानं मोजायचा आणि उताराची रेघ काढायची.

मापात गोंगाट असतो, त्याचं गणितही सरळ आहे. सिग्नल गोंगाटापेक्षा २० डेसिबल वर असेल तर एका मापातली फेजची चूक साधारण ४ अंश. १६ मापांची सरासरी घेतली की १ अंश. पण सरासरी अंशांची काढायची नाही. अधिक १७९ आणि उणे १७९ या दोन फेजा एकमेकींपासून फक्त २ अंशांवर आहेत, पण त्यांची साधी सरासरी शून्य येते, म्हणजे नेमकी विरुद्ध दिशा. आधी कॉम्प्लेक्स आकड्यांची (उंची आणि फेज एकत्र धरणाऱ्या) बेरीज करायची, फेज शेवटी काढायची. ही चूक घरगुती प्रोग्रॅममध्ये फार वेळा सापडते.

हवा सारखी, पेटी वेगळी

टीडीडीत टॉवरला फोनची दिशा शोधावी लागत नाही. फोन एक ठरलेला संकेत पाठवतो, टॉवर आठही अँटेनांवर तो ऐकतो आणि ज्या फेजांनी तो आला त्याच उलट्या करून परत पाठवतो. लाट ज्या वाटेनं आली त्या वाटेनं परत जाते. वर्धा-यवतमाळच्या सपाट काळ्या जमिनीवर वाट बहुधा एकच, सरळ. मेळघाटात लाट डोंगराच्या कुशीवर, झाडांवर आदळत चार वाटांनी येते, तिथे 'दिशा' या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही, पण ही युक्ती तिथेही चालते. कारण हवेतली वाट दोन्ही बाजूंना सारखीच असते.

सारखी नसते ती पेटी. ऐकणारी साखळी वेगळी, पाठवणारी वेगळी. समजा तिसऱ्या अँटेनाची ऐकणारी बाजू ४० अंश मिसळते आणि पाठवणारी ७०. टॉवरला वाटतं, हवेत ४० अंश जास्त होते. तो तेवढे वजा करून पाठवतो आणि लाट ३० अंश चुकून निघते. आता मजेची गोष्ट बघा, आठही अँटेनांचा हा फरक ३०च असेल तर काहीच बिघडत नाही, सगळ्या लाटा एकत्रच चुकतात. म्हणजे इथे जुळवायचं असतं ते पाठवणं आणि ऐकणं यांचं गुणोत्तर, आठही अँटेनांवर एकच. फोनच्या आतल्या फरकाची चिंता नको, तो आठांनाही सारखाच लागतो.

नववी केबल नसतानाही हे जमतं. २०१२ साली अमेरिकेतल्या राईस विद्यापीठाच्या संशोधकांनी ६४ अँटेनांचा आर्गोस हा प्रयोग मांडला. त्यात एक अँटेना प्रमाण धरून तो बाकीच्या प्रत्येकाशी हवेतूनच बोलतो, दोन्ही दिशांनी, आणि गुणोत्तर निघतं. अडचण अशी की प्रमाण अँटेनाच्या शेजारच्याचा आवाज फार मोठा येतो आणि टोकाच्याचा फार बारीक. म्हणून प्रमाण अँटेना ओळीतून काढून थोडा वेगळा, सगळ्यांपासून साधारण सारख्या अंतरावर ठेवावा लागतो. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात १०० अँटेनांच्या यंत्रासाठी शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधल्या गळतीचाच वापर करून साखळी जोडत नेली. ही पद्धत आम्हाला जास्त पटते. गळती तर टळत नाहीच, मग ती मापाला लावलेली बरी.

प्रत्येक टॉवरला हे लागतं असं नाही. गावोगावच्या बऱ्याच टॉवरांवर दोन किंवा चार पोर्टांचे एफडीडी अँटेना असतात, तिथे जाण्याची आणि येण्याची फ्रिक्वेन्सी वेगळी. त्यात फोन स्वतःच ०, ९०, १८०, २७० अशा चार-दोन पर्यायांतून बरा पर्याय निवडून टॉवरला कळवतो. साखळ्यांमधला कायमचा फरक त्या निवडीतच जिरून जातो.

वावरात करून बघायचं असेल तर

अमरावती, यवतमाळ, सेवाग्रामच्या अभियांत्रिकीच्या मुलांना हे हातानं करता येतं, आणि ऐकण्याच्या बाजूपासूनच सुरुवात करावी. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा भारतात कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याविना खुला आहे. एकाच घड्याळावर चालणारा चार-पाच वाटांचा रिसीव्हर घ्या. क्रॅकेन एसडीआर या पाच वाटांच्या रिसीव्हरमध्ये कॅलिब्रेशनसाठी गोंगाटाचा स्रोत आतच असतो. ८६६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३४.६ सेंटीमीटर, म्हणून चार अँटेना १७.३ सेंटीमीटरवर. आरजी-५८ केबल एकाच गुंडाळीतून, एकत्र धरून कापा. त्या केबलमध्ये लाट हवेच्या दोन तृतीयांश वेगानं जाते, म्हणून १ सेंटीमीटरचा फरक जवळपास १६ अंशांचा. दोन अँटेनांवरून दिशा काढताना १६ अंश म्हणजे समोरच्या दिशेत ५ अंशांची चूक. ५ किलोमीटरवर ती साडेचारशे मीटर होते, म्हणजे गाव सोडून भलतीकडेच.

आधी घरात, टेबलावर. सिग्नल स्रोत, त्यापुढे सिग्नल कमी करणारा ३० डेसिबलचा अॅटेन्युएटर, मग एकाचे चार करणारा स्प्लिटर, आणि चार केबली रिसीव्हरला. स्प्लिटरची चारही तोंडं सारखी नसतात, म्हणून एकदा माप घेतल्यावर दोन तोंडांची अदलाबदल करून पुन्हा घ्या. दोन मापांची सरासरी म्हणजे रिसीव्हरमधला फरक, आणि त्यांच्या वजाबाकीचा अर्धा म्हणजे स्प्लिटरचा. यंत्र सुरू करून अर्धा तास तापू द्या, नाहीतर पहिलं माप आणि चौथं माप वेगवेगळ्या यंत्रांचं असल्यासारखं येईल.

मग वावरात. सोयाबीन निघाल्यावरची मोकळी जागा उत्तम. उभ्या तुरीत करू नका, वाऱ्यानं झाडं हलतात आणि माप डोलत राहतं. टिनाचं शेड, सौर पंपाच्या पाट्या, विजेच्या तारा आणि रानडुकरांसाठी लावलेलं तारेचं कुंपण यांपासून दूर राहा, ही सगळी लाट परतवतात. स्रोत किती लांब ठेवायचा? पुस्तकी सूत्र सांगतं, ओळीच्या लांबीच्या वर्गाची दुप्पट भागिले तरंगलांबी. आपल्या ५२ सेंटीमीटरच्या ओळीला ते दीड मीटरच्या वर थोडं येतं. पण त्या अंतरावर लाट अजून गोलसर असते आणि टोकाच्या अँटेनावर २२.५ अंशांची चूक देते. कॅलिब्रेशनला ते सूत्र पुरत नाही. ५० मीटरवर ही चूक १ अंशाच्या आत येते.

स्रोत नेमका समोर आहे हे मोबाइलच्या होकायंत्रावर ठरवू नका. न ताणणारी दोरी घेऊन दोन्ही टोकांच्या अँटेनांपासून अंतर सारखं करा. तिथे १ सेंटीमीटर चुकला तर दोन टोकांत १० अंशांचा फरक पडतो. आणि एका जागेवरून घेतलेलं माप पुरेसं धरू नका. स्रोत थोडा बाजूला सरकलाय की साखळ्यांमध्येच चढता उशीर आहे, हे एका मापातून ओळखताच येत नाही. निदान तीन दिशांनी घ्या. ज्या जागेवरून कॅलिब्रेशन केलं तिथूनच तपासणी करू नका, ती नेहमी पास होते.

चारही अँटेना सारखे असूनही टोकाचे दोन वेगळे वागतात, कारण त्यांना एकाच बाजूला शेजारी असतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी पिकांच्या चाचण्यांत कडेच्या ओळी उत्पन्नात धरत नाहीत, कारण त्यांना ऊन-वारा वेगळा मिळतो. इथेही तेच करायचं. दोन्ही टोकांना एकेक जादा अँटेना लावून त्याला ५० ओहमचा भार जोडायचा, माप त्याचं घ्यायचं नाही.

बाहेरच्या ओळखीच्या स्रोतावरून मेळ बसवणं हे मोठ्या प्रमाणावर आपल्याच राज्यात चालतं. नारायणगावजवळच्या खोडद इथली जीएमआरटी दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशांचा समूह, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेला. तिथे ३सी४८, ३सी१४७, ३सी२८६ असे आकाशातले माहीत असलेले रेडिओ स्रोत बघून डिशांची आपसातली फेज आणि ताकद जुळवतात, आणि निरीक्षण चालू असताना मधूनमधून पुन्हा जवळच्या ओळखीच्या स्रोताकडे वळून ती तपासतात.

बिघाड वाचायचा कसा

टॉवरच्या नोंदीत आठही साखळ्यांचं माप एकदम कोसळलेलं दिसलं तर आठही बिघडल्या असं समजून पॅनल उतरवू नका. आठांच्या मापाला समाईक वाट आहे ती नवव्या केबलची. आधी तिचा कनेक्टर बघा. एकच साखळी घसरली तर तिचीच केबल, तिचाच अॅम्प्लिफायर. आठही फेजा एकाच बाजूला, सारख्याच सरकल्या असतील तर काहीच करायचं नाही. दोन-तीन साखळ्या रोज दुपारी सरकतात आणि रात्री परत येतात, तर ते ऊन आहे, दोन कॅलिब्रेशनमधलं वेळेचं अंतर कमी करा. पावसानंतर सरकून परत न येणारी म्हणजे पाणी.

कॅलिब्रेशनची नजर कपलरपर्यंतच पोचते, त्याच्या पुढे पॅनलमध्ये काय चाललंय ते तिला दिसत नाही. आतली तुटलेली पट्टी, आवरणाला गेलेला तडा, पाखरांनी घाण केलेला पृष्ठभाग, यांपैकी काहीही असलं तरी अहवाल 'ठीक' येऊ शकतो.

सगळ्यात फसवा बिघाड म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या केबलची अदलाबदल. प्रत्येक केबल कुठल्या तरी कपलरपर्यंत पोचतेच, माप नीट येतं, सुधारणाही नीट लागते. फोनचा संकेत ऐकून परत पाठवायच्या पद्धतीतही काही बिघडत नाही, कारण साखळी ज्या अँटेनानं ऐकते त्यानंच पाठवते. पण ठरलेल्या दिशेला जाणारे झोत, ज्यांच्यावर फोन आधी टॉवर ओळखतो, ते वेडेवाकडे निघतात आणि गावाच्या एका बाजूला फोनला टॉवर सापडतच नाही. केबलींवर रंगीत टेपच्या खुणा असतात, पण आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांनंतर लाल आणि केशरी सारखेच दिसतात. खुणा रंगावर सोडू नका. केबलच्या दोन्ही टोकांना कोरलेला आकडा बांधा, आणि केबल बदलल्यावर झोत डावीकडे, मध्ये, उजवीकडे असा एकेकदा सोडून गावाच्या तिन्ही बाजूंना ताकद मोजूनच खाली उतरा.